गिधाडे का गेली? पक्षी संवर्धनात शास्त्र आणि शेतकऱ्यांचा वाटा

(कळंब, ता. आंबेगाव, जि. पुणे येथील शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी आपल्याला कांद्याची साठवणूक आणि उसाचे खोडवा व्यवस्थापन या विषयांवर उपयुक्त माहिती दिली. आता माझा विषय पक्षी. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतील काही तरुण मित्र हसले, ते मी पाहिले. त्यात त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. बाजारभाव पडलेला असताना आणि संध्याकाळी बिबट्याच्या धाकाने दारे लावून घ्यावी लागत असताना पक्ष्यांचे कोणाला पडले आहे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु या विषयाचा संबंध आपल्या गोठ्याशी, पिकाशी आणि त्या बिबट्याशीही आहे. तो कसा, हे सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. २०१३ च्या उन्हाळ्यात मी एम.एस्सी. (कृषी) च्या शेवटच्या वर्षाला होतो. सुटीत घरी गेलो असता आमची एक संकरित गाय बसली. अंगात ताप, सांध्यांना सूज, चारा बंद. गुरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले. चुलत्यांनी दुकानातून माणसांना देण्याच्या वेदनाशामक इंजेक्शनची ३० मिलिलिटरची बाटली आणली. मी बाटलीवरचे नाव वाचले. डायक्लोफिनॅक. हे औषध जनावरांना देण्यास बंदी आहे आणि ती का आहे, हे मला वर्गात शिकवलेले होते. पण दिवसाला चौदा-पंधरा लिटर दूध देणारी गाय आडवी पडलेली, आई रडत होती आणि सगळे माझ्याकडे ‘शिकलेला मुलगा’ म्हणून पाहत होते. मी काही बोललो नाही. सिरिंज मीच भरून दिली.

तिसऱ्या दिवशी गाय गेली. ट्रॅक्टरला बांधून गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकली. पुढचे चार दिवस तिच्यावर कुत्री होती. गिधाड एकही आले नाही. आले असते तर ते मेले असते. ते का मेले असते, हे मला माहीत होते आणि तरीही मी सिरिंज भरली होती. म्हणून आज आपल्यापुढे उभा राहून कोणाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. जे शास्त्राने सांगितले ते आपल्यापर्यंत पोचवावे, एवढेच.

किती होती, किती राहिली

येथे बसलेल्या साठीच्या पुढच्या मंडळींनी मेलेल्या जनावरावर उतरलेली गिधाडे पाहिली असतील. आमच्या पिढीतील बहुतेकांनी ती फक्त पुस्तकात पाहिली. १९८० च्या दशकापर्यंत आपल्या देशात गिधाडे कोट्यवधींच्या संख्येत होती, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मोठे जनावर टाकले की काही तासांत नुसती हाडे उरत. त्यासाठी ग्रामपंचायतीला खर्च नव्हता की मजूर लावावे लागत नव्हते.

१९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे दिसले. ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली आहे. मग देशभर पाहणी झाली. पाहणीची पद्धत अगदी साधी होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या रस्त्यांवरून गाडीने जात गिधाडे मोजली होती, त्याच रस्त्यांवरून पुन्हा जायचे आणि पुन्हा मोजायचे. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात ठरलेल्या मापाचा प्लॉट घेऊन ठरलेल्या पद्धतीने उतारा काढतात, तसेच हे. पद्धत बदलली नाही म्हणून आकड्यांची तुलना करता आली.

निष्कर्ष असा निघाला की १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली. म्हणजे जिथे हजार होती, तिथे एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांची घट सुमारे ९७ टक्के होती. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारे गिधाड ते हेच. कोणत्याही पक्ष्याची एवढ्या थोड्या वर्षांत एवढी घट क्वचितच नोंदली गेली असेल.

कारण कसे सापडले

सुरुवातीला निरनिराळे तर्क झाले. कोणी म्हणाले रोग आला, कोणी म्हणाले कीटकनाशके, कोणी म्हणाले खायला मिळत नाही. मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन केले असता आतल्या अवयवांवर पांढरा थर आढळत होता. तो युरिक ॲसिडचा होता. म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. पण ती कशाने झाली, हे कळत नव्हते.

पाकिस्तानात काम करणारे पशुवैद्यक शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांची त्यांनी तपासणी केली. पंचविसांच्या पंचवीस गिधाडांत डायक्लोफिनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही ते नव्हते. आपण खताची चाचणी घेताना एक प्लॉट बिनखताचा ठेवतो, तो का ठेवतो हे यावरून लक्षात यावे. त्या तेरा पक्ष्यांशी तुलना करता आली नसती तर पंचवीस पक्ष्यांच्या पुराव्याला एवढे वजन आले नसते. पुढे हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस पिंजऱ्यातील गिधाडांना देऊनही खात्री करण्यात आली.

डायक्लोफिनॅक हे ताप, सूज व वेदना कमी करणारे औषध. १९९० च्या दशकात ते स्वस्त झाले आणि गावोगावच्या गोठ्यांत पोचले. गाईला, बैलाला त्याने आराम पडतो, हे खरे आहे. पण औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर दगावले तर त्याचा अंश यकृतात, मूत्रपिंडात व मांसात राहतो. गिधाडाला तेवढा अंश पुरतो.

थोड्याशा विषाने एवढा नाश कसा?

येथे एक शंका आपल्या मनात येईल. प्रत्येक मेलेल्या जनावराला थोडेच हे इंजेक्शन दिलेले असते? शंका रास्त आहे. शास्त्रज्ञांनीही हाच हिशेब केला. मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असले, तरी एवढी घट होऊ शकते, असे त्यांना आढळले.

आपण साधे गणित करून पाहू. समजा, दोनशे मेलेल्या जनावरांत एकच विषारी आहे. गिधाड साधारण तीन दिवसांनी एकदा पोटभर खाते असे धरले, तर वर्षाकाठी ते सुमारे १२० वेळा खाईल. प्रत्येक वेळी वाचण्याची शक्यता दोनशेपैकी एकशे नव्व्याण्णव. एका वेळेपुरते पाहिले तर धोका नगण्य. पण हा धोका सलग १२० वेळा पत्करला, तर वर्षाअखेरीस शंभरातील केवळ ५५ गिधाडे जिवंत राहतील. पंचेचाळीस गेली. पुढच्या वर्षी उरलेल्यांतील पुन्हा तेवढ्याच प्रमाणात जातील.

आणि भरून किती निघेल? गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. कोंबडीसारखा हा पक्षी नाही. शिवाय एका जनावरावर पाच-पन्नास गिधाडे एकत्र उतरतात. त्यामुळे गावात एखाद्यानेच असे जनावर टाकले तरी पूर्ण थवा संपू शकतो. ‘माझ्या एकट्याने काय होते’ हे वाक्य इतर अनेक ठिकाणी चालून जात असेल, येथे ते चालत नाही.

कायदा झाला, पुढे काय?

२००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनविण्यास बंदी केली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोगांनी सिद्ध झाले. म्हणजे शेतकऱ्याचे एक औषध काढून घेताना त्याच्या हातात दुसरे दिले गेले. हे महत्त्वाचे आहे. पर्याय दिल्याशिवाय केलेली बंदी गावात टिकत नाही.

परंतु माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक दुकानात होतेच. २००७ ते २०१० या काळात अकरा राज्यांतील अडीचशेहून अधिक औषध दुकानांत ‘गुरांसाठी वेदनाशामक द्या’ असे सांगून पाहणी केली गेली. एक तृतीयांशाहून अधिक दुकानांत डायक्लोफिनॅकच मिळाले. आमच्या घरी आलेली बाटली बंदीनंतर सात वर्षांनी आली होती. मग २०१५ साली माणसांसाठीच्या या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आली. माणसाला ती पुरते, गाईला पुरवायची तर ढीगभर फोडाव्या लागतात. हा उपाय छोटा दिसतो, पण माणसाच्या सवयीचा विचार करून केलेला आहे.

त्यानंतर आणखी काही औषधे घातक ठरली. २०२३ साली केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक ही औषधे आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर निमेसुलाइड हे औषध जनावरांसाठी बंद झाले. ॲसिक्लोफिनॅकचे तर जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनते. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही दोन औषधे गिधाडांना सुरक्षित आढळली आहेत.

या सर्वांमुळे गिधाडांची घट मंदावली. पण जी उरली आहेत ती इतकी थोडी आहेत की पुन्हा वाढायला कित्येक वर्षे लागतील.

गावांनी केलेले काम

कायदा मुंबई-दिल्लीत होतो, पाळला जातो तो गोठ्यात. आपल्या राज्यातील काही गावांनी हे काम अंगावर घेतले. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे गावाजवळच्या झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी होती. प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरट्यांची नोंद ठेवली, झाडे राखली आणि मेलेली जनावरे गिधाडांना मिळतील अशी व्यवस्था केली. नाशिक जिल्ह्यात हरसूल भागातील खोरीपाडा येथे वन विभाग आणि ग्रामस्थांनी मिळून गिधाडांचे खाद्यस्थान चालविले. गडचिरोली जिल्ह्यातही असे प्रयत्न झाले. जनावर दगावले की मालकाने कळवायचे, त्याला कोणते औषध दिले होते याची विचारपूस करायची आणि ते निर्धोक असेल तरच खाद्यस्थानावर न्यायचे, ही या कामाची पद्धत.

हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ साली आपल्या राज्यात ताडोबा व पेंच येथे आणून सोडण्यात आली. त्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसविली होती. त्यांतील एक गिधाड विदर्भातून निघून थेट तामिळनाडूपर्यंत गेले. यावरून या पक्ष्याला तालुक्याची, जिल्ह्याची, राज्याची हद्द नसते हे कळते. कळंबपासून भीमाशंकरचे किंवा नाणेघाटाचे कडे हवाई अंतराने चाळीस-पन्नास किलोमीटर. गिधाडाला हे अंतर म्हणजे सकाळच्या न्याहारीची फेरी. म्हणून कड्यावरचे घरटे वन खात्याने कितीही राखले, तरी घोड नदीकाठच्या गोठ्यात कोणती बाटली उघडली जाते यावर त्या घरट्याचे भवितव्य ठरते.

दुसरे उदाहरण गोंदियाचे. तेथे सारस क्रौंच भाताच्या खाचरात घरटे करतो. घरट्यासाठी तो धान उपटतो, म्हणजे शेतकऱ्याचे थोडे नुकसान होतेच. ‘सेवा’ या संस्थेच्या तरुणांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांशी बोलणी केली, घरटी राखायला त्यांनाच सोबत घेतले आणि दरवर्षी सारसांची मोजणी सुरू ठेवली. आज महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः त्या शेतकऱ्यांच्या बांधावर.

गिधाड नाही, तर कोण?

गिधाडे गेली म्हणून जनावरे मरायची थांबली नाहीत. ते खाद्य कुत्र्यांना मिळू लागले. कुत्री वाढली की पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका वाढतो. देशातील गिधाडे कमी झालेल्या जिल्ह्यांतील मृत्यूंचा अभ्यास दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. रेबीज आणि सडलेल्या जनावरांमुळे दूषित झालेले पाणी ही त्यामागची मुख्य कारणे त्यांनी मानली.

आता बिबट्याचे पाहू. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत बिबट्याने कोणती संकटे आणली ते मी आपल्याला सांगावे असे नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाद्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. गिधाडे गेली म्हणून बिबटे आले, असे मी म्हणत नाही. ऊस वाढला, पाणी आले, लपायला जागा झाली, अशी कारणे अनेक आहेत. पण गावाबाहेर उघड्यावर पडलेले जनावर कुत्री पोसते आणि कुत्री बिबट्याला गावाजवळ धरून ठेवतात, एवढे आपण लक्षात घेतले पाहिजे.

‘पक्षी आमची ज्वारी खातात, त्याचे काय?’

मघाशी चहाच्या वेळी एका बाबांनी मला विचारले, “सर, गिधाडाचं पटलं. पण भोरड्या आमचं ज्वारीचं कणीस रिकामं करत्यात, त्यांनाबी राखायचं का?” मला हा प्रश्न आवडला. पिकाचे नुकसान होते हे नाकारून पक्षी वाचणार नाहीत.

भोरड्या हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतात. ज्वारी दुधात असताना त्या नुकसान करतात. त्या दिवसांत राखण हवीच. गोफण, डबे, चमकणाऱ्या फिती यांनी पक्षी उठवावेत, विष घालू नये. कारण हाच पक्षी नाकतोडे व टोळ मोठ्या प्रमाणावर खातो. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांच्या नियंत्रणासाठी भोरड्यांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले जातात. म्हणजे पक्षी तोच, पीक आणि अवस्था वेगळी.

हरभऱ्यातील घाटे अळीचे उदाहरण घ्या. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू, गायबगळा हे पक्षी अळ्या व पतंग टिपतात. त्यांना बसायला जागा हवी. एकरी २० या प्रमाणात इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच लावावेत. हरभरा पेरताना बियाण्यात थोडी ज्वारी मिसळली तर तीच पुढे थांब्याचे काम करते आणि खर्च जवळजवळ शून्य. एक मीटर ओळीत एक ते दोन अळ्या दिसू लागल्या की मगच फवारणीचा निर्णय घ्यावा. त्याआधी फवारले तर अळीबरोबर आपले मजूरही पळवून लावल्यासारखे होते, आणि हे मजूर रोजंदारी मागत नाहीत. ज्वारी-गव्हाच्या शेतात मात्र दाणे भरण्याच्या वेळी थांबे काढून टाकावेत.

गव्हाणी घुबड, पिंगळा आणि कापशी घार हे उंदरांचे शत्रू. गव्हाणी घुबड एका रात्रीत दोन-तीन उंदीर सहज खाते. तरी अपशकुनी म्हणून आपण त्याला दगड मारतो. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष वापरलेच, तर सकाळी मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत. नाहीतर तेच उंदीर खाऊन घुबड मरू शकते आणि पुढच्या हंगामात उंदीर अधिक होऊ शकतात. भारद्वाज गोगलगायी खातो. टिटवी उघड्या रानात अंडी घालते. नांगरताना दिसली तर तेवढा हातभर तुकडा सोडावा, जमिनीचे फार काही जात नाही. बांधावरची जुनी चिंच, उंबर, बाभूळ यांच्या ढोलीत पिंगळ्याचे घर असते, म्हणून ढोली असलेले झाड तोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पाचट जाळू नये, हे आपण आज आधीच ऐकले. त्यात जमिनीच्या सेंद्रिय कर्बाबरोबर उसाच्या फडातील घरटीही जळतात, एवढी भर मी घालतो.

मोजणी: प्रत्येकाला जमेल असे शास्त्र

गिधाडांची घट लक्षात आली ती कोणीतरी आधी मोजून ठेवले होते म्हणून. आज हे काम केवळ शास्त्रज्ञांचे राहिलेले नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. त्यासाठी ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या संगणकीय नोंदवहीत केलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या. त्यांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, गृहिणी आहेत. ज्या जातींची दीर्घकाळाची माहिती पुरेशी होती, त्यांतील दहापैकी सहा जाती घटल्याचे दिसले. मोर मात्र वाढला. शेजारच्या शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली आपल्याला माहीत आहे. चिंचेची झाडे आणि माणसांची सवय या दोन गोष्टींवर तेथे मोर टिकला आणि आता त्याच्यावर गावात पर्यटनाचा धंदाही उभा राहिला.

मोजणीची रीत सोपी आहे. एक जागा ठरवा. विहीर, ओढा, शाळेचे आवार काहीही चालेल. ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे उभे राहा. दिसले-ऐकले तेवढे सर्व पक्षी आणि त्यांची संख्या लिहा. कावळा, साळुंकी सोडू नका, कारण सामान्य पक्षी कमी होऊ लागतो तेव्हा तो कोणाच्या लक्षात येत नाही. एकेकाळी गिधाडही सामान्यच होते. ओळखता आला नाही तर अंदाजाने नाव लिहू नका. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी. कीड सर्वेक्षणात आपण आठवड्याला ठरलेल्या शेतात अळ्या मोजतो, त्याच शिस्तीने.

कळंबकरांना तीन विनंत्या

पहिली, गोठ्याची. जनावराला वेदनाशामक द्यायचे झाल्यास पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड मागून घ्या. स्वतःच्या मनाने इंजेक्शन देऊ नका. बाटलीवरचे नाव वाचा. दिलेले औषध आणि तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिली तरी चालेल. दुधात औषधाचा अंश किती दिवस राहतो हे डॉक्टरांना विचारण्यासही ती नोंद उपयोगी पडते. घातक औषध दिलेले जनावर दगावले तर ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. दूध संस्थेच्या बैठकीत हा विषय एकदा घ्यावा, अशी माझी संचालक मंडळींना विनंती आहे.

दुसरी, ग्रामपंचायतीची. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची जैवविविधता नोंदवही करायची असते. ती वही कपाटात न ठेवता ग्रामसभेत वाचावी. गावात पूर्वी कोणते पक्षी होते, कोणत्या झाडावर बसत, शेवटचे गिधाड केव्हा दिसले, हे वडीलधाऱ्यांना विचारून तिच्यात लिहून घ्यावे. ही माहिती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. ती येथे पुढच्या रांगेत बसलेल्या बाबांच्या आणि आजींच्या आठवणीत आहे, आणि ती लिहून घ्यायला आपल्याकडे फार वर्षे नाहीत.

तिसरी, शाळेची. २०२० पासून आपल्या राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या आठवड्यात मुलांना घोड नदीच्या काठी नेऊन पक्षी मोजावेत. मोजलेली यादी शाळेत जपावी आणि पुढच्या वर्षी तिच्याशी तुलना करावी.

माझे बोलणे संपवण्यापूर्वी त्या बाटलीकडे पुन्हा येतो. पुढे दोन वर्षांनी आमच्या गोठ्यात तसाच प्रसंग आला. या वेळी चुलत्यांनी दुकानात जाण्याआधी मला फोन केला आणि विचारले, “कोणतं आणू? नाव सांग, लिहून घेतो.” मी नाव सांगितले आणि आधी डॉक्टरांना बोलवायला लावले. ती गाय वाचली. गिधाडे आमच्या माळावर अजूनही आलेली नाहीत. पण आता आली तर आमच्या गोठ्यामुळे मरणार नाहीत, एवढे मी सांगू शकतो. आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या गोठ्याबद्दल असेच सांगता यावे, ही इच्छा व्यक्त करतो.